वर गेलेला हात

माझ्या नवऱ्याला मी पहिल्यांदा मारलं तेव्हा माझ्या हातात कालथा होता. तव्यावर खारा बांगडा, बाहेर धो धो पाऊस, आणि तो माझ्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत. त्याने डावा हात वर केला. पंजा उघडा, बोटं फाकलेली. मी वळले आणि कालथा त्याच्या मनगटाच्या वर हाणला. मग पुन्हा एकदा हाणला. पहिला फटका भीतीचा होता, हे मी देवाशपथ सांगते. दुसऱ्याला काही कारण नव्हतं. पहिल्याने बरं वाटलं, म्हणून दुसरा.

तो ओरडला नाही. त्याच्या तोंडात तेव्हा एकच शब्द शिल्लक राहिला होता. तो त्याने उच्चारला, "रांडे." मी म्हटलं, "हां, तीच." आणि बांगडा उलटला.

हे कागदावर उतरवायला मला वर्ष लागलं. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते. समोर सव्वीस वर्षं 'अहो' म्हणत आले, अजूनही म्हणते, जीभ दुसरीकडे वळतच नाही. पण कागद माझा आहे. कागदावर तो 'तो'च.

तो तांडेल होता. म्हणजे लाँचवरचा मुख्य माणूस. कुठे जायचं, जाळं कधी टाकायचं, कधी ओढायचं, सगळं त्याच्या हुकमावर. लाँच मालकाची असली तरी समुद्रात गेल्यावर मालकानेसुद्धा तांडेलाचं ऐकायचं असतं. आवाज असा की मांडवीच्या आमच्या आळीच्या तोंडाशी तो कोणाशी बोलायला थांबला, की शेजारीण कुंपणापलीकडून मला सांगायची, आले गो तुझे, भात टाक. मी त्याच्या लाँचवर कधी पाय ठेवला नाही. आमच्याकडे बाईने लाँचवर चढायचं नसतं. नारळी पौर्णिमेला जेटीपर्यंत जायचं, हळदकुंकू वाहायचं आणि मागे फिरायचं. त्यामुळे पाण्यावर तो कसा होता ते मला ठाऊक नव्हतं. खलाशी म्हणायचे, देवमाणूस. मी म्हणायचे, असेल बाबा, देव समुद्रातच राहत असेल.

घरात त्याचा हात सैल होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून त्याने माझा हात दाराच्या फटीत धरून दार ओढलं. डाव्या हाताची करंगळी अजून सरळ होत नाही. मासळी कापताना ती एकटीच बाजूला उभी राहते. पुढची यादी मी देत नाही. यादी दिली की लोक त्यातलं मोठं कुठलं आणि बारीक कुठलं ते बघायला लागतात, आणि मला त्या दुकानात बसायचं नाही.

एवढं मात्र सांगते. पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद असते. लाँचा किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात, आणि आठ-आठ दिवस पाण्यावर असणारा पुरुष दिवसभर घरात. आमच्या आळीतल्या कितीतरी बायका त्या दोन महिन्यांत लांब बाह्यांचे ब्लाउज घालतात. मी वर्षभर बाजारात मासळी विकते, त्या दिवसांत सुकी मासळी. शेजारी बसणारीची बाही कधी वर सरकली तर आम्ही एकमेकींना चिडवायचो, काय गो, शेवाळावरनं घसरलीस काय. ती म्हणायची, होय गो बाय, शेवाळ फार माजलंय यंदा. आणि आम्ही हसायचो. खरंच हसायचो. आज आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा हसण्याशिवाय दुसरं काय करणार होतो.

तर शिमगा होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळची वेळ. तो पडवीत जाळं दुरुस्त करत बसला होता. मी पाटी उचलून बाजाराला निघाले, तर त्याच्या हातातली सुई पडली. त्याने ती उचलली नाही. माझ्याकडे बघत राहिला. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळल्यासारखी. काहीतरी सांगायला गेला आणि बाहेर आली ती शिवी. मी पाटी खाली ठेवली नाही. क्षणभर मी तशीच उभी राहिले, डोक्यावर पाटी, आणि माझ्या मनात स्पष्ट शब्द आले, बरं झालं.

मग धावपळ केलीच. रिक्षा, हॉस्पिटल, मुंबईच्या लेकीला फोन, सगळं केलं. लोक म्हणाले, अंगावरनं वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी. उजवा हात-पाय गेला, पाय पुढे थोडा सुधारला, काठी घेऊन चालण्यापुरता. आणि वाचा गेली. त्याला वाचाघात म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. ऐकू येतं, बरंचसं समजतं, माणसं ओळखतो, पण मनातला शब्द तोंडापर्यंत येत नाही. लिहायला द्यावं तर तेही नाही. मला डॉक्टर समजावत होते की हे वेड नव्हे, अक्कल शाबूत आहे. मी मान हलवत होते. मला वेगळंच दिसत होतं. मला आमचं घर दिसत होतं, आणि त्या घरात कोणी ओरडत नव्हतं.

लेक आठवडाभर राहिली. तिनेच चौकशी करून बोलण्याची थेरपी देणारी मुलगी शोधून काढली. ही थेरपीवाली कोल्हापूरकडची, लग्न होऊन इथे आलेली, अंगाने बारीक, पण नेटाची. दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की एका वर्गात ती वाचाघाताच्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र बसवायची. बाकं पोरांची, गुडघे पोटात येणारी. पालीहून एक निवृत्त मास्तर एसटीने यायचे, बायकोला घेऊन. चाळीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस, आणि आता 'पाणी' म्हणायला घामाघूम व्हायचा. आणखी चार-पाच जण होते. लेक मला बजावून गेली, आई, शनिवार चुकवू नको. मी म्हटलं, नाही चुकवणार. शनिवार मी एकही चुकवला नाही. चुकवले ते बाकीचे सहा दिवस.

पहिल्या शनिवारी थेरपीवालीने चित्रांचे पत्ते काढले. त्यात बैलगाडी, ऊस, मोट, ज्वारीचं कणीस. नवरा एकेक चित्र बघायचा आणि शिवी द्यायचा. मला इतकं हसू आलं की पदर तोंडात धरला. मी तिला म्हटलं, बाय, हा माणूस जन्मात उसाच्या शेतात गेलेला नाही, त्याला पापलेट दाखव. ती बिचारी लाजली, आणि पुढच्या शनिवारी खरंच पापलेट, सुरमई, कोळंबी अशी चित्रं घेऊन आली. त्याने पापलेटवर बोट ठेवलं, ओठ जुळवले, सगळा वर्ग श्वास रोखून बसला. आणि शिवीच आली.

मग तिने मला त्याच्यासमोर बसवलं आणि त्याला विचारलं, "काका, या कोण? यांना काय म्हणता तुम्ही?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "रांडे," तो म्हणाला.

मास्तरांच्या बायकोने मान खाली घातली. थेरपीवाली घाईघाईने मला समजावायला लागली. काकी, मनाला लावून घेऊ नका. शिव्या, देवाची नावं, एक-दोन-तीन असे आकडे, हे मेंदूत निराळ्या जागी असतं, बाकीचं गेलं तरी ते राहतं. ते काकांच्या मनातून येत नाही, आपोआप येतं. ती खरं बोलत होती, हे आज मला पटतं. पण तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "बाय, आता आपोआप येत असेल. सव्वीस वर्षं मनातूनच येत होतं." तिने पत्ते गोळा केले आणि दुसऱ्या माणसाकडे वळली, पण माझ्याकडे तिने नंतर दोन-तीनदा बघितलं.

घरी रोज दोन वेळा अर्धा-अर्धा तास सराव घ्यायचा होता. चित्र दाखवायचं, प्रश्न विचारायचा, मग मनात दहा मोजायचे. त्याच्या तोंडचा शब्द आपण बोलून टाकायचा नाही. घाई नको, ओरडणं नको. तिने निक्षून सांगितलं होतं की पहिले काही महिने सोन्याचे, या दिवसांत जे परत येईल ते येईल, नंतर वाट खडतर होत जाते. सरावाची एक वही दिली होती. सराव झाला की त्या दिवसापुढे खूण करायची.

मी रोज खुणा केल्या. सराव एकदाही घेतला नाही.

कारण काय ते सरळ सांगते. त्याची वाचा परत आली तर कोण परत येणार, ते मला माहीत होतं. पापलेट म्हणायला शिकला की कालवण म्हणेल, कालवण म्हणाला की मीठ म्हणेल. त्याला बोलता करायचा म्हणजे माझ्या हाताने दार उघडून त्या माणसाला आत घ्यायचं. ती पत्त्यांची थैली मी तांदळाच्या डब्यामागे ठेवली होती. शुक्रवारी रात्री काढायचे, पत्ते जरा मळवायचे, कोपरे दुमडायचे. शनिवारी थेरपीवाली म्हणायची, काकी किती मेहनत घेताय, तरी काकांची प्रगती का होत नाही कळत नाही. मी म्हणायचे, नशीब.

खलाशी सुरुवातीला एकदा सगळे मिळून आले होते. त्याने एकेकाकडे बघून तीच शिवी दिली. पोरं हादरली. चहा अर्धा ठेवून उठली, आणि आळीत बातमी पसरली की तांडेलाचं डोकं फिरलं. पुन्हा कोणी फिरकलं नाही. मला बोलावता आलं असतं, खरं काय ते सांगता आलं असतं. मी नाही बोलावलं. घर गप्प होतं आणि मला ते आवडत होतं.

त्याला कळत होतं, हे मी ओळखून होते. वहीत खुणा करताना तो माझ्या हाताकडे बघत असायचा. मे महिन्याच्या शेवटी एक दिवस मी अशीच त्याच्यासमोर बसून खूण केली, आणि त्याने समोरचं जेवणाचं ताट डाव्या हाताने उचलून माझ्या तोंडावर फेकलं. ताटाची कड भुवईला लागली. डोळ्यात रक्त आलं, आमटी आली, काही दिसेना. चार टाके पडले. हॉस्पिटलात सांगितलं, मोरीत घसरले. जुनीच सवय. पण परत येताना रिक्षात मी मनाशी पक्कं केलं की आता बास. हा डावा हात पुन्हा वर गेला तर खाली येण्याआधी मी मारणार.

आणि जूनमध्ये तो हात वर गेला. कालथ्याचं सांगितलंच.

त्यानंतर मी त्याला पुन्हा पुन्हा मारलं. बाजाराला निघाले, दारात चप्पल घालत होते, त्याने हात वर केला, तोच उघडा पंजा. मी परत आत आले आणि त्याच्या थोबाडीत मारली. त्याला आंघोळ घालत होते, पाण्याचा तांब्या डोक्यावर रिकामा करत होते, पुन्हा तो पंजा. मी तांब्या त्याच्या खांद्यावर आपटला. कधी कालथ्याने हातावर, कधी पाठीत. रोज नाही. पण हात वर गेला आणि मी सोडलं, असं एकदाही झालं नाही. आणि त्याचा हात खाली येतच नव्हता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तो हात फक्त वर जायचा आणि तिथेच राहायचा. पण तो खाली येतो की नाही ते बघत थांबायला मला वेळ कुठे होता. वर गेलेल्या हाताचा एकच अर्थ मला सव्वीस वर्षं शिकवला होता, आणि शिकवणारा तोच होता.

मारताना माझ्या तोंडून त्याचेच शब्द निघायचे. त्याच्याच आवाजात. एकदा मी म्हटलं, ओरड, बघू कोण येतं ते. हे वाक्य त्याचं होतं, शब्दन् शब्द. म्हणून झाल्यावर मी मोरीत जाऊन ओकले, तोंड धुतलं आणि पुन्हा चुलीपाशी आले. त्याला कोणाला सांगता येणार नव्हतं. माझ्या हातून हे होत होतं त्याचं अर्धं कारण तेच होतं, आणि ते मला त्याही वेळी ठाऊक होतं.

श्रावण लागला. थेरपीवालीने सगळ्यांना सांगितलं की येत्या शनिवारी प्रत्येकाने आपल्या माणसाच्या कामाच्या ओळखीतलं एकतरी माणूस आणायचं. घरची माणसं बोलून बोलून थकतात, म्हणाली, आणि कामाची भाषा कधीकधी जास्त खोल रुजलेली असते. मी काही कोणाला आणणार नव्हते. पण तिनेच लेकीकडून नंबर मिळवला आणि त्याच्या लाँचवरच्या सगळ्यात जुन्या खलाशाला बोलावलं. नारळी पौर्णिमेच्या आधीचा तो शनिवार. लाँचा रंगवून झाल्या होत्या, दोन-चार दिवसांत सगळे पाण्यावर जाणार होते. म्हातारा खलाशी हाताला निळा रंग लागलेला तसाच आला. दारात चपला काढून उभा राहिला. नवऱ्याने त्याला बघितलं आणि शिवी दिली. खलाशी या खेपेला हादरला नाही, थेरपीवालीने त्याला आधी समजावलं असावं. तो म्हणाला, होय तांडेल, आलो, आणि समोरच्या पोरांच्या बाकावर कसाबसा बसला.

थेरपीवालीने लाँचचं चित्र काढून ठेवलं. खलाशी आपल्या परीने बोलत होता, यंदा जाळं नवीन आहे, ड्रायव्हर नवीन आहे, असं काहीबाही. थोडा वेळ बरा गेला. मग मास्तर मध्येच काहीतरी सांगायला लागले, मास्तरांची बायको त्यांचा शब्द पुरा करायला गेली, थेरपीवाली तिला थांबवायला गेली, खलाशी आपलं बोलतोच आहे. चारी बाजूंनी आवाज. नवऱ्याचा चेहरा लाल झाला.

त्याने डावा हात वर केला. पंजा उघडा, बोटं फाकलेली.

मी बाकावरून अर्धी उठले. पण माझ्याआधी खलाशी गप्प झाला होता. अगदी ताठ. त्याने नवीन पोरांना सांगावं तशा सुरात वर्गाला सांगितलं, "गप ऱ्हावा. तांडेल थांबा म्हणतायत."

थेरपीवालीने विचारलं, म्हणजे काय. तो म्हणाला, "ताई, इंजिनाच्या आवाजात लाँचवर बोललेलं ऐकू येत नाय. सगळं हातावर चालतं. मूठ वर म्हणजे जाळं ओढा. हात खाली दाबला म्हणजे हळू. आणि हा असा पंजा म्हणजे इंजिन बंद, कोणतरी दोरीत अडकलाय."

मी तशीच अर्धी उभी होते. माझ्या डोळ्यांसमोरून एकेक प्रसंग गेला. दारात चप्पल घालताना, म्हणजे थांब, जाऊ नको. आंघोळीला, म्हणजे थांब, पाणी फार गरम आहे. मी तव्यापाशी असताना तो पंजा कशाला वर गेला होता ते मला अजून कळलेलं नाही. कोणास ठाऊक, काय अडकलं होतं.

आणि तो हात अजून वरच होता, त्यामुळे शर्टाची बाही कोपरापर्यंत खाली घसरली होती. कालथ्याचे वळ. जुने पिवळे, नवे जांभळे, एकावर एक. सगळ्या वर्गाला दिसत होते. थेरपीवालीने ते बघितले, पण माझ्याकडे मुद्दाम बघितलं नाही. ती त्याच्यासमोर खाली बसली आणि त्याला शांतपणे म्हणाली, "काका, हे कोणी केलं?"

त्याच्यापुढे पत्ते मांडलेले होते. त्यात माझा फोटो होता, लेकीने दिलेला. त्याने बोट उचलून ठेवायचं, एवढंच. मी त्या बोटाकडे बघत होते. त्याने हात खाली आणला. फोटोवरून नेला. आणि पंजा स्वतःच्या छातीवर ठेवला.

खलाशी खाली बघत पुटपुटला, "जाळं फाटलं, कोणाला लागलं, आणि मालकाने जेटीवर विचारलं ना, की तांडेल असं करतात. माझ्यावर घ्या म्हणून."

मला त्याचा हा मोठेपणा नको होता. आजही सांगते, त्या क्षणी मला कालथ्याच्या वेळेपेक्षा जास्त राग आला. सव्वीस वर्षं सगळं माझ्यावर ढकलून आता चार माणसांत छातीवर हात ठेवतो. त्याला खरोखर काय म्हणायचं होतं ते देव जाणे. मला वाचवत होता, की हे सगळं माझ्यापासून सुरू झालं असं सांगत होता, की प्रश्नच नीट समजला नव्हता. थेरपीवालीनेच आम्हाला शिकवलं होतं की अशा माणसाच्या हो-नाहीवर लगेच विसंबू नये. मला एवढंच कळलं की मी गप्प बसले तर माझी सुटका आहे, आणि त्याच्या मेहेरबानीवर झालेली सुटका मला नको होती.

मी म्हटलं, "मी मारलं. कालथ्याने. वहीतल्या खुणाही खोट्या आहेत. एक दिवस सराव घेतला नाही मी."

माझा आवाज चढत गेला, मी आणखी सांगायला लागले, दिवस, वार, तांब्या, थोबाडीत, सगळं ओकत सुटले. आणि तेव्हा त्याने पुन्हा हात वर केला. थांब.

आता मला अर्थ माहीत होता. पाच मिनिटांपूर्वी ऐकला होता. दिवसाउजेडी, भरल्या वर्गात, एक अंग लुळं पडलेला माणूस मला थांब म्हणत होता. आणि माझा कोपर आपोआप तोंडावर गेला. मान खांद्यात गेली, गुडघे वाकले, मी बाक आणि भिंत यांच्यामध्ये अंग चोरून खाली बसले, डोकं दोन्ही हातांनी झाकून. मी ते केलं नाही. ते झालं. माझी वाकडी करंगळी माझ्याच कपाळावर टोचत होती.

सगळ्यांनी ते बघितलं. शेवाळ नाही, मोरी नाही, काहीच सांगायची गरज उरली नाही. मास्तरांची बायको आली आणि माझ्या शेजारी फरशीवर बसली. मी कोपराच्या खालून बघितलं. त्याचा हात अजून हवेत होता, आणि तो त्या हाताकडे बघत होता. मग माझ्याकडे. मग पुन्हा हाताकडे. त्याने तो सावकाश खाली आणला आणि मांडीखाली घातला, स्वतःच्याच मांडीखाली, आणि त्यावर बसून राहिला.

पुढे जे व्हायचं ते झालं. थेरपीवालीने डॉक्टरांना सांगितलं, मला आधी विचारून. लेक आली, रडली, माझ्यावर ओरडली, मग बापावर ओरडली. दोन महिने तो खलाशाच्या घरी राहिला, आणि मी माझ्या घरात एकटी झोपले, दाराला कडी न लावता. मास्तरांची बायको दर बुधवारी पालीहून यायची आणि आम्ही दोघी नुसत्या भाजी निवडत बसायचो. पत्त्यांची थैली मी खलाशाकडे पोचवली. पाण्यावर नसेल तेव्हा तो आणि त्याची बायको सराव घ्यायचे. शनिवारी वर्गात आता सगळेच लाँचचे हात शिकलेत. मास्तर मूठ वर करतात आणि त्यांची बायको पाण्याची बाटली पुढे करते, त्यांनी आपला अर्थ लावून घेतलाय.

दिवाळीनंतर तो घरी आला, कारण मी म्हटलं येऊ दे. माफ केलंत का, असं थेरपीवालीने एकदा भीत भीत विचारलं. मी म्हटलं, नाही. त्याने मला केलं का, तेही मला माहीत नाही, आणि त्याला ते सांगता येईल एवढे शब्द अजून आलेले नाहीत. आलेत ते थोडे. पाणी. चहा. पापलेट, तेही अर्धं. पहिले महिने गेले ते गेलेच. ते मी घालवले, आणि हे ओझं माझं आहे, कोणी छातीवर हात ठेवला म्हणून ते उतरत नाही. शिवीही आहे अजून. ती आली की मी म्हणते, बरं, पुढे. आणि मनात दहा मोजते.

एक गोष्ट मात्र बदलली, आणि ती त्याने बदलली, कोणी न सांगता. वर्गात बाकीचे थांब म्हणायला पंजा वर करतात. खलाशी आला की तोही करतो. नवरा करत नाही. त्याला थांब म्हणायचं असलं की तो पंजा उताणा करून गुडघ्यावर ठेवतो, आणि मी बघेपर्यंत वाट बघतो. कधीकधी मला बघायला वेळ लागतो. तो हात तिथेच ठेवून बसतो.